नवरीचे गुडघे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता लोखंडी आडकाठी आलीय. तिच्याशेजारी छत्रीखाली बसलेल्या बाईनं मला विचारलं, "रहिवासी का पर्यटक?" मी म्हटलं, "माहेर आहे माझं." तिनं हातातली यादी वरून खाली पाहिली. माहेरवाशिणीचा रकाना त्यात नव्हता. मग तिनं माझ्या मनगटाला पिवळी कागदी पट्टी चिकटवली. तिच्यावर 'पर्यटक' असं छापलेलं आणि खाली वेळ, अकरा ते बारा. जिथं मी रांगले, पडले, गोवरानं फणफणले, तिथं मला एक तास मिळाला. मी पट्टी नखानं उचकटून पाहिली, पण गोंद चांगला होता.

मला राबियानं बोलावून घेतलं होतं. राबिया म्हणजे भिंतीला भिंत लागून वाढलेली माझी जोडीदारीण. मी लग्न होऊन लातूरला गेले. तिचं लग्न गल्लीतच झालं आणि वडिलांचं घरही पुढं तिच्याकडंच राहिलं. आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला.

"तू ये गे एकदा. माझं दार बुजवायलेत."

"कोन?"

"आराखडेवाले. गर्दीला वाट पायजे म्हनं. तू लहानपनी खोटं बोल्लीस, त्याच्यापायी लोकं यायलेत. आता तूच येऊन खरं सांग."

"तू सांग की. तुला बी ठावं हाय."

"माझं कोन ऐकतंय? दार वाचवायला बोलती म्हनतील."

राबियाच्या घराचं मागचं दार थेट बारवेत उघडतं. तीन बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली आमच्या गल्लीची बारव, आणि तिच्या तिसऱ्या टप्प्यावर ते निळं दार. दारात राबियाचं शिलाई मशीन. त्या खोलीला दुसरी खिडकी नाही, उजेड येतो तो तेवढ्याच दारातून. अर्ध्या अंबाजोगाईच्या झंपरांच्या बाह्या तिनं त्या उजेडात जोडल्यात. दार बुजलं की मशीन आंधळं झालं.

गल्लीत शिरले तर प्रत्येक दारावर पिवळ्या रंगात आकडा. मला लहानपणी हिवतापवाले आठवले. फवारणी झाली की ते दारावर गेरूनं आकडे टाकून जायचे आणि पुढं चार दिवस घरात पावडरीचा उग्र वास राहायचा. तेव्हापासून माझ्या दारावर दुसऱ्यानं काही लिहिलं की मला ते खपत नाही. आमच्या जुन्या घरात आता 'पारंपरिक निवास' आहे. ओट्यावर एक सूप, एक जातं आणि एक कंदील मांडून ठेवलेला. ते सूप आमचं नव्हतं. आईच्या सुपाचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला होता, आणि तो तिनं शेणानं लिंपलेला होता.

संशय घ्यायची ही खोड मला माझ्या वडिलांकडून, अप्पांकडून आलीय. अप्पांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं. करडईचं तेल तळहातावर चोळून हुंगल्याशिवाय ते डबा उतरवून घेत नसत. शेंगदाण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे वर काढत. देवळातली घंटा वाजली तरी आधी स्वतःच्या घड्याळाकडं बघत. आणि जे आपलं, त्याच्यावर खूण करत. कपाळावर भस्माच्या ओढतात तशा तीन आडव्या रेघा. पोत्यांवर, डब्यांवर, छत्रीच्या दांड्यावर, बाजेच्या पायावर. आईच्या लाटण्यावरसुद्धा. आई म्हणायची, "माझ्या पाठीवर बी ओढा की तीन रेघा." अप्पा हसत नसत. "पाठ कुनी उचलून न्हेत न्हाई," एवढंच म्हणत.

मी सात वर्षांची असेन. बारवेच्या तिसऱ्या टप्प्यावरची फरशी खचली होती आणि धुणं धुताना आईचा पाय सारखा घसरायचा. अप्पांनी कुठल्याशा बंद पडलेल्या तेलघाण्याच्या जोत्याचा दगड आणवला. काळाभोर, पाटासारखा चौकोनी, आणि वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन खळगे. त्यांत घाण्याचे खांब बसायचे. कितीतरी वर्षं दगडानं तेल प्यालेलं, त्यामुळं उन्हात तो तापला की खमंग वास यायचा. चार गड्यांनी पहारी लावून, खाली गोणपाट घालून तो पायऱ्यांवरून उतरवला. पण बसवण्याआधी अप्पांनी पाथरवटाला बोलावून त्याच्या खालच्या अंगाला तीन रेघा कोरून घेतल्या. आई म्हणाली, "खाली कावून? कुनाला दिसनार?" अप्पा म्हणाले, "भस्माच्या रेघावर कुनी पाय देतंय का?" मी आणि राबिया वरच्या पायरीवर चिंचा चोखत बसलो होतो. दगड बसला तेव्हा धप्प असा आवाज झाला आणि कोनाड्यांतले सगळे पारवे एकदम उडाले.

मग तो दगड आमचाच झाला. सकाळी त्याच्यावर धुणं आपटायचा आवाज तिन्ही भिंतींवर आदळून परत यायचा, एक बाई धुवत असली तरी तीन बायका धुवतायत असं वाटायचं. पावसाळ्यात पाणी दगडापर्यंत चढायचं आणि त्या दोन खळग्यांत बेडकांची पिल्लं अडकायची. थंडीत पाण्यातून वाफ यायची, आणि रिठ्याच्या फेसाचा आणि ओल्या लुगड्यांचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. उन्हाळ्यात पाणी पार तळाला जायचं, वरून कडुलिंबाचा मोहोर गळून पायऱ्या पिवळसर व्हायच्या आणि चालताना तळव्यांना चिकटायचा. राबियाची अम्मी निळ्या दारात बसून लसूण सोलायची. सालं वाऱ्यावर उडून दगडावर यायची. आई म्हणायची, "अम्मी, तुमच्या लसनानं माझी लुगडी वासायलीत." अम्मी म्हणायची, "तुमच्या लुगड्यानं माझा लसून धुवून निघायलाय." ह्या एकाच भांडणावर दोघींनी वर्षं काढली.

आता खोटं कसं झालं ते सांगते.

आमच्या गावाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. देवी कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली, परळीच्या वैजनाथाशी लग्न लागायचं होतं, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड दगडाचं झालं. देवी इथंच राहिली. आमच्या घरात कुणी रेंगाळलं की आई म्हणायची, "आवर, न्हाईतर दगड व्हशील." मार्गशीर्षात यात्रा भरली की कोकण-पुण्याकडची माणसं देवीला यायची. त्यांना आम्ही पोरी 'वऱ्हाड' म्हणायचो. वऱ्हाड आलं, वऱ्हाड गेलं, वऱ्हाडानं बारवेत साल टाकलं. ते हळू बोलायचे आणि प्रत्येक गोष्टीला "हे काय आहे?" म्हणून विचारायचे. कुणी इतकं विचारलं की त्याला काहीतरी घ्यायचंय, असं अप्पांचं मत होतं.

एका सकाळी आई धुण्याचं बोचकं खांद्यावर घेऊन उतरली तर दगडावर एक भरदार बाई. जांभळं रेशमी लुगडं, गुडघ्यावर डबा, निवांत बसलेली. आई भिडस्त, ती नुसतीच उभी राहिली. बाईनं मला विचारलं, "बाळ, हे खळगे कसले गं?"

तिला उठवायचं होतं, बाकी माझ्या मनात काही नव्हतं. मी म्हटलं, "त्याच्यावर बसू नका. नवरीचे गुडघे हायेत ते."

बाई चटका बसल्यागत उठली. "कुठली नवरी?"

"आपली. देवी. नवरदेवाची वाट बघत हितंच गुडघे टेकून बसलती."

मागून राबिया म्हणाली, "रोज सकाळी वल्ले असतेत. ती रडती म्हनून." दगड ओलाच होता. आईनं आदल्या खेपेची चादर तिथंच पिळली होती.

बाईनं डब्यातलं कुंकू काढलं, दोन्ही खळग्यांत वाहिलं आणि डोळे पुसले. आम्हाला दोघींना एकेक खोबऱ्याची वडी दिली. वडीला केशराचा वास होता. तो वास मी तोवर कधी घेतला नव्हता. ती गेल्यावर आईनं कुंकू धुवून टाकलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "देवीचं नाव घेऊन खोटं बोलती व्हय?" पण तिच्या पदराआड हसू होतं, ते मी बघितलं. त्यानंतर दोन-तीन यात्रांत आम्ही ती गोष्ट आणखी सांगितली. नवरीची मेंदी राबियानं घातली, करवल्या मी घातल्या.

पुढं ती गोष्ट आमच्यावाचून कशी वाढली हे मला माहीत नाही. मी लातुरात भाकरी थापत होते. मधल्या काळात आई गेली, अप्पा गेले, अम्मी गेली. मग कधीतरी माझ्या भाचीनं मोबाइलवर दाखवलं, एक मुलगी नऊवारी नेसून आमच्या दगडावर गुडघे टेकून बसलीय आणि मागं सनई वाजतेय. खाली लिहिलेलं, लग्न जमत नसेल तर इथं या. मी मोबाइल उलटा ठेवला. माझ्या आईच्या धुण्याच्या दगडावर ती बसली होती, आणि मला परत धपाटा बसल्यासारखं झालं.

आता लोक गाड्या भरून येतात. यात्रेची वाट कुणी बघत नाही, वर्षभर चालूच. बारवेच्या काठाला उभं राहिलं की माणसांची रांग पायरी पायरीनं सरकताना दिसते. खाली पोचलं की दोन मिनिटं गुडघे टेकायला, मग उठा. पारवे एकही नाही. दगडाशेजारी पाटी आहे. 'नवरीचे गुडघे. प्राचीन. या खुणा पहाटे आपोआप ओल्या होतात.' होणारच. सफाईवाली रोज पहाटे नळी लावून पायऱ्या धुते, ते मला राबियानंच सांगितलं.

पाणी, पायऱ्या, गर्दी, सगळ्याचा म्हणून आराखडा आलाय. पूर्वेच्या पायऱ्यांनी उतरायचं, उत्तरेच्या पायऱ्यांनी चढायचं. चढणारी रांग राबियाच्या दाराला घासून जाते, माणसं आत डोकावतात, एकदा कुणी आत पडलंही. म्हणून दार विटांनी बुजवायचं. लोकांच्या सुरक्षिततेसाठी, असं नोटिशीत लिहिलंय. ह्यात खोटं काही नाही, म्हणूनच मला त्याचा जास्त संशय आला.

मी पोचले तो दिवस हरकती ऐकायचा होता. तासाभरासाठी रांग थांबवलेली. आराखड्याच्या मॅडम दगडाजवळ उभ्या होत्या, बारीक अंगाच्या, हातात वही. गावातले दहा-बारा जण पायऱ्यांवर टेकलेले. चार कामगार पहारी घेऊन तयार, कारण दगड उचलून स्टीलच्या चौकटीत बसवायचा होता. राबिया निळ्या दारात, मशीनवर हात ठेवून. आमची नजरानजर झाली. तिचे केस सगळे पांढरे झालेत. माझी पट्टी बघून ती म्हणाली, "तू बी पर्यटक का?"

मी मॅडमना सगळं सांगितलं. दगड घाण्याचा आहे, माझ्या वडिलांनी आणलाय, खळगे खांबांचे आहेत, आणि गुडघे मी केलेत. हे कळलं की लोक यायचे थांबतील, आणि मग दार बुजवायचं कारण नाही.

मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुमची भावना मी समजू शकते. पण याला काही पुरावा?"

"दगड उलटा करा," मी म्हटलं. "खाली तीन रेघा आहेत. आमच्या दुकानाची खूण."

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. अप्पांचा इतक्या वर्षांचा संशय आज कामाला येणार होता. कामगारांनी पहारी घातल्या. दगड करकरत उठला, खालून ओल्या मातीचा आणि, माझी शपथ, जुन्या तेलाचा वास आला. त्यांनी तो कडेवर उभा केला. एकानं हातानं चिखल निपटला. तीन आडव्या रेघा, सरळ, खोल, कालच कोरल्यासारख्या.

पहिल्यांदा त्या चिखल निपटणाऱ्या माणसानं चपला काढल्या. मग त्यानं दगडाला डोकं लावलं.

"वैजनाथ," तो म्हणाला. "परळीची खूण हाय ही. नवरदेवाची."

पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, वर नवरी अन् खाली नवरदेव, म्हणूनच इतकं पावतंय. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मी ओरडून सांगितलं, "अहो, आमच्या तेलाच्या डब्यावर बी असायच्या ह्याच रेघा." माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. फक्त मॅडमनी पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला रडायला आलं, आणि हसायलाही. अप्पांनी कुणाचा पाय पडू नये म्हणून खाली कोरलेल्या रेघा. त्यांना पाय लागला नाही हे खरं, पण दगड मात्र गेला.

दार बुजवायला आलेला गवंडी दाराजवळ विटा रचत होता. राबियानं मशीनमधला दोरा दातानं तोडला आणि रीळ काढून मुठीत धरलं. मशीन उचलायची तयारी करत होती ती. तिला तसं करताना बघितलं आणि माझ्या तोंडातून ते निघून गेलं. जसं त्या जांभळ्या लुगड्याच्या बाईपुढं निघालं होतं तसंच.

"हे दार बुजवता येत न्हाई," मी म्हटलं.

"का?" मॅडमनी विचारलं.

"नवरी आली ती ह्याच दारातून. वऱ्हाड वर थांबलं, अन् ती पाणी प्यायला हितून उतरली. तेव्हापासून हे दार दिवसा लावत न्हाईत. नवरदेव आला तर त्याला वाट दिसावी म्हनून. राबियाची अम्मी रोज हितं बसून राहायची, विचारा कुनालाबी."

अम्मी बसायची लसूण सोलायला. पण ती बसायची हे पायऱ्यांवरच्या दोघा-तिघांना आठवत होतं. म्हातारा म्हणाला, "व्हय. बसायची. मी बघितलंय." गवंड्यानं हातातली वीट खाली ठेवली.

मॅडमनी वहीचं पान उलटलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं, मावशी?"

"आमच्या आईनं."

त्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी ते लिहून घेतलं, शब्द न् शब्द, मधे एकदा "लावत न्हाईत की लावत नसत?" असंही विचारलं. मला अजून संशय आहे की त्या बाईला सगळं कळलं होतं. खऱ्याला पुरावा मागितला आणि खोट्याला फक्त व्याकरण विचारलं. पण तिनं वही मिटली आणि गवंड्याला हातानंच नको म्हणून खूण केली. रांग दाराला न घासता पश्चिमेकडून न्यायचं ठरलं. बारा वाजत आले होते. आडकाठीवरची बाई माझा तास संपल्याचं सांगायला खालीपर्यंत आली.

निघताना राबियानं माझा हात धरला आणि खोलीत ओढून घेतलं. आत तीच ओल, तोच मशीनच्या तेलाचा वास. तिनं कात्रीनं माझ्या मनगटावरची पिवळी पट्टी कापली, गोळा केली आणि चिंध्यांच्या टोपलीत टाकली. "तुझ्या आईनं धपाटा घातला असता," ती म्हणाली. "अन् तोंडाला पदर लावून हसली असती," मी म्हटलं. दोघी हसलो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी मनगट चोळत होते, गोंद राहिला होता तिथं. मला वाटलं, चला, एक तरी दार राहिलं.

पंधरा दिवसांनी मीच फोन केला.

"काय म्हनतंय दार?"

"राहिलं," राबिया म्हणाली. "नवी पाटी लावलीय त्याच्यावर. लोकं उंबऱ्यावर हळद वाहायलेत. काल एकीनं मशीनवर नारळ ठेवला, म्हनं हे बी पुजायचं असतं का? दिवसभर दारात मानसं. शिवू कुठं बसून?"

फोनात एरवी मागं मशीनची घरघर असते, ती नव्हती. मी म्हटलं, "मग घडीभर दार लावून घेत जा की."

"कसं लावू?" ती म्हणाली. "नवरदेव यायचाय ना."